माती तपासली, आता पालक खायचा का?

सरकारी योजनेतून मातीची चाचणी करून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसे त्यात नाही, कॅडमियम नाही, क्रोमियमही नाही. त्यामुळे सोसायटीच्या बागेची माती ‘लॅबमधून ओके आली’ म्हणजे तिच्यात पीक येईल, एवढेच. ते खावे का, हे तिथे कुणी विचारलेलेच नसते.

ठाणे आणि नवी मुंबईत हे विचारायला हवे. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने १९६०च्या दशकापासूनचे. घोडबंदर रोड, पोखरण रोड, माजिवडा या भागांतल्या कित्येक गृहसंकुलांच्या जागी आधी कारखाने होते. नवी मुंबईचे बरेच नोड खारजमिनीवर मुरमाचा भराव टाकून उभे राहिले. मात्र इथली माती बेसाल्टची, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडाची आहे आणि बेसाल्टमध्ये निकेल, क्रोमियम, तांबे मुळातच भरपूर असते. परदेशी तक्ता समोर ठेवून अहवाल वाचला, तर येऊरचे जंगलसुद्धा प्रदूषित ठरेल. म्हणून नुसता आकडा पाहून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. धातू कोणता, मातीत कुठल्या रूपात आहे आणि तोंडापर्यंत कुठल्या वाटेने येतो, हे कळले की करायच्या गोष्टी आपोआप ठरतात.

जागेचा इतिहास आधी काढा

प्रयोगशाळेच्या पैशांपैकी निम्मे इथेच वाचतात. गुगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रे मागे मागे नेत पाहा: शेड होती का, भंगाराचे गोदाम होते का, नाला कुठून वळवला आहे. सोसायटीतल्या जुन्या रहिवाशांना आणि गावठाणातल्या वयस्कर मंडळींना विचारा. बागेची माती कुठून आली, हे बिल्डरच्या माणसापेक्षा माळ्याला जास्त ठाऊक असते.

संशय कशाचा यावर काय तपासायचे ते ठरते. जुना हमरस्ता असेल तर शिसे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, पण शिसे कुजत नाही आणि पावसाने फारसे खालीही उतरत नाही, ते वरच्या काही सेंटिमीटरांत बसून राहते. टायरच्या झिजेतून जस्त येते, ब्रेकच्या पॅडमधून तांबे. जुन्या लोखंडी ग्रिलखाली, विशेषतः शेंदरी प्रायमर खरवडून पुन्हा रंग दिलेला असेल तर, पुन्हा शिसेच. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (पीपीएम म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम) मर्यादा २०१६च्या नियमांनी आली, त्याआधीच्या रंगांचे पापुद्रे भिंतीलगतच्या वाफ्यात पडलेले असू शकतात. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवण्याच्या कारखान्याची जागा असेल तर क्रोमियम, निकेल आणि कॅडमियम. बॅटऱ्या फोडल्या जात असतील तर शिसे इतके असू शकते की तिथे भाजीचा विचारही करू नये.

आणि गाळ. तलावाचा किंवा खाडीचा गाळ ‘सुपीक’ म्हणून बागेत टाकायची सवय सोडा. तलावात मूर्तींच्या रंगांचे अवशेष साचतात. खाडीच्या काळ्या गाळाचे दुखणे वेगळे: तिथे प्राणवायू नसल्याने धातू सल्फाइडच्या रूपात बांधलेले असतात आणि जागच्या जागी फारसा त्रास देत नाहीत. तोच गाळ उपसून उन्हावाऱ्यात पसरला की सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते, आम्ल तयार होते आणि बांधलेले धातू मोकळे होतात. वर खाडीचे मीठ असतेच, त्याचा प्रताप पुढे येईल.

नमुना घेताना

बहुतेक अहवाल इथेच बिघडतात. घमेले गॅल्व्हनाइज्ड असते, म्हणजे जस्ताचा मुलामा. पितळी चाळणीतून तांबे आणि जस्त मिसळते. म्हणून स्टेनलेस स्टीलचे खुरपे किंवा जाड प्लॅस्टिकचे फावडे, प्लॅस्टिकची बादली, नायलॉनची दोन मिलिमीटरची चाळणी आणि नव्या झिपच्या पिशव्या एवढे साहित्य घ्या. माती वाळवायला रद्दीचा कागद नको, कोरे प्लॅस्टिक अंथरा.

बागेचे आधी भाग पाडा. रस्त्याकडेची पट्टी वेगळी, पन्हाळीचे पाणी पडते ती जागा वेगळी, ग्रिलखालची वेगळी, मधला भाग वेगळा. सगळे एकत्र कालवून एकच नमुना पाठवला तर एका कोपऱ्यातले ८०० पीपीएम शिसे बाकीच्या स्वच्छ मातीत विरून ‘सरासरी १५०’ होते, आणि नेमक्या त्या कोपऱ्यात मुले खेळत असतात.

प्रत्येक भागातून नागमोडी चालत १० ते १२ ठिकाणी नमुने घ्या. पालापाचोळा बाजूला करा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूवरून वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा काप काढा. भाजीच्या वाफ्यात खोली १५ ते २० सेंटिमीटर. मुले खेळतात तिथे फक्त वरचे दोन सेंटिमीटर, कारण हाताला तेवढेच लागते. सगळे काप बादलीत मिसळा, ढीग पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा, लाकडी लाटण्याने ढेकळे फोडा, चाळा. पिशवीवर तारीख, जागा आणि खोली पिशवी भरण्याआधीच लिहा, ओल्या पिशवीवर मार्कर चालत नाही.

दोन अपवाद आहेत. षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) आणि पारा मोजायचा असेल तर तो नमुना वाळवू नका. ओलाच, हवाबंद, बर्फाच्या डब्यातून थेट द्या. वाळवताना पारा उडतो आणि विषारी क्रोमियमचे रूप पालटते.

याशिवाय आणखी दोन पिशव्या हव्यात. एक तुलनेची: त्याच बेसाल्टची, पण रस्ता-कारखान्यांपासून दूरची. मुरबाड-शहापूरकडे कुणाचे शेत असेल तर तिथली बांधावरची माती उत्तम. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे परवानगीशिवाय खणायचे नाही. दुसरी पिशवी परीक्षेची: आपलाच एक नमुना दोन पिशव्यांत भरून दुसऱ्याला वेगळेच नाव द्या. दोन्ही आकड्यांत २० टक्क्यांहून जास्त फरक आला तर प्रयोगशाळेला विचारायचे बळ येते.

प्रयोगशाळेत काय मागायचे

ठाणे-बेलापूर पट्ट्यात खासगी प्रयोगशाळा बऱ्याच आहेत. एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा) शिक्का पाहून थांबू नका. त्यांच्या मान्यतेच्या यादीत ‘माती’ आणि तुम्हाला हवा तो धातू आहे का, ते पाहा. पाण्यासाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा मातीसाठी मान्य असतेच असे नाही.

मागणी अशी लिहा: आम्लात विरघळवून एकूण शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त, आर्सेनिक आणि लोह, आयसीपी यंत्रावर (अगदी कमी प्रमाणातले धातूही मोजणारे यंत्र). शिवाय सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. लोह कशाला, असे काउंटरवर विचारतील. ते धोक्यासाठी नाही, मोजपट्टी म्हणून लागते. जमल्यास डीटीपीए (धातूंना पकडणारे एक रसायन) पद्धतीने ‘उपलब्ध’ कॅडमियम, शिसे आणि जस्तही मागा. यात १० ग्रॅम माती २० मिलिलीटर द्रावणात दोन तास हलवतात आणि पिकाला सहज मिळू शकेल तेवढाच वाटा बाहेर येतो. ही पद्धत सामू सातच्या आसपास किंवा वर असलेल्या मातीसाठी बेतलेली आहे. खूप आम्ल लाल मातीत तिच्यावर फार विसंबू नका.

अहवालात ‘बीडीएल’ (मोजण्याच्या मर्यादेखाली) दिसले तर मर्यादा किती, ते विचारा. कॅडमियमची मोजण्याची मर्यादाच २ पीपीएम असेल तर ‘आढळले नाही’ या शब्दांना काडीची किंमत नाही. हातात धरायच्या एक्सआरएफ बंदुकीचेही (क्ष-किरणांनी धातू मोजणाऱ्या यंत्राचेही) तसेच: शिसे, जस्त, तांबे यांसाठी ती झटपट आणि उपयोगी, पण बागेतल्या पातळीचे कॅडमियम तिला दिसत नाही आणि ओल्या मातीत आकडे कमी येतात.

अहवाल वाचायचा कसा

बेसाल्टची जागतिक सरासरी अशी: क्रोमियम १७०, निकेल १३०, तांबे ८७, जस्त १०५, शिसे ६, कॅडमियम ०.२ पीपीएम, आणि लोह ८.६५ टक्के. आता परदेशी मर्यादा पाहा. कॅनडात शेतजमिनीसाठी क्रोमियम ६४, निकेल ४५. युरोपात सांडपाण्याचा गाळ टाकायच्या जमिनींसाठी निकेल ३० ते ७५. म्हणजे इथला दगड नुसता झिजून माती झाली तरी ती मर्यादेबाहेर. उलट शिसे आणि कॅडमियम बेसाल्टमध्ये नगण्य, त्यामुळे ते जास्त आले तर बाहेरूनच आले.

समजा अहवालात लोह ८ टक्के, निकेल ११०, क्रोमियम १५०, शिसे १८० आले. प्रत्येक धातूला लोहाने भागा आणि बेसाल्टमधल्या त्याच गुणोत्तराशी ताडून पाहा. निकेल आणि क्रोमियम दोन्ही जवळजवळ एकास एक, म्हणजे दगडातलेच. शिसे मात्र ३२ पट. दगडाची झीज सगळीकडे सारखी नसते, म्हणून दुपटीपर्यंतचा फरक सोडून द्या. मुरबाडची पिशवी असेल तर जागतिक सरासरीऐवजी तिचेच आकडे वापरा, ते जास्त खरे.

दगडातले क्रोमियम त्रिसंयुजी (फारसे विषारी नसलेले रूप) असते आणि खनिजात घट्ट अडकलेले असते, पिकाला ते जवळपास मिळतच नाही. कारखान्यातून आलेले षट्संयुजी असू शकते. एकूण क्रोमियमच्या आकड्यात दोन्ही एकच दिसतात. म्हणून इतिहासात प्लेटिंग किंवा रसायनांचा कारखाना असेल तरच वेगळी चाचणी करा, नाहीतर पैसे वाया.

शिशाला निवासी जागेसाठी अमेरिकेत बराच काळ ४०० पीपीएम ही पातळी धरत, २०२४ मध्ये ती २०० वर आणली. व्यवहारात आमचा सल्ला असा: शिसे १०० च्या आत असेल तर नेहमीसारखी बाग करा. १०० ते २०० मध्ये पालेभाजी आच्छादनावर घ्या आणि मुलांचे हात धुवा. २०० ते ४०० मध्ये फळभाज्याच घ्या आणि उघडी माती झाका. त्यावर असेल तर त्या मातीत खाण्याचे काही लावू नका. कॅडमियम १ पीपीएमच्या वर आणि सामू ६ च्या खाली असे दोन्ही एकत्र आले तर पालेभाजी बंद. सामू साडेसात असेल तर तेच १ पीपीएम बरेच कमी त्रासदायक.

कोण किती ओढते

शिसे मुळांच्या सालीवरच अडकते, पानापर्यंत फारच थोडे चढते. वाळलेल्या पानातले शिसे मातीतल्या शिशाच्या साधारण शंभराव्या ते दहाव्या हिश्श्याइतके. कॅडमियमचे उलटे. जस्त आणि कॅल्शियमसाठी मुळाने जी दारे उघडी ठेवलेली असतात त्यांतूनच ते आत शिरते, आणि पानातले प्रमाण मातीतल्यापेक्षा जास्तही होऊ शकते. झाड त्याला फायटोकेलाटिन नावाच्या रेणूंत गुंडाळून पेशींच्या कोठारात ठेवते, त्यामुळे पान हिरवेगार, टवटवीत दिसते. पान पाहून काही कळत नाही.

पालक, माठ, मेथी, अळू ही पानांची मंडळी सर्वांत वर. मुळा, रताळे, हळद मध्ये, आणि त्यांच्या सालीला माती चिकटते म्हणून साल काढणे सक्तीचे. भेंडी, दुधी, पडवळ, दोडका, शेवग्याच्या शेंगा सर्वांत खाली. वांगे फळभाजी असले तरी कॅडमियमच्या बाबतीत इतरांपेक्षा हावरट, संशयाच्या मातीत ते मागे ठेवा. भुईमूगही तसाच. मोरीच्या पाण्यावर अळू लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे. घरच्या मोरीवर ठीक, पण गॅरेज किंवा वर्कशॉपच्या पाण्यावर फोफावलेले अळू आणून वड्या करू नका.

भाताचे वागणे चमत्कारिक. पाणी साचलेले असताना आर्सेनिक सुटते आणि कॅडमियम बांधले जाते, पाणी आटल्यावर नेमके उलटे. खारजमिनीत जिथे अजून भात होतो तिथे लोंबी भरताना शेत कोरडे ठेवले तर कॅडमियम दाण्यात जाते.

गांडुळे कॅडमियम आणि जस्त अंगात साठवतात. त्यांच्या शरीरात मातीपेक्षा कितीतरी जास्त कॅडमियम सापडते आणि ते खाणाऱ्या पक्ष्यांत पुढे सरकते. गावठाणात मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्यांचे म्हणूनच पाहायला हवे: त्या माती टोचतात, किडे-गांडुळे खातात, आणि शिसे अंड्याच्या बलकात उतरते. भंगाराच्या जागेजवळ कोंबड्या असतील तर भाजीआधी अंडी तपासा.

खाडीतही हेच चालते. ठाणे खाडीत कालवे आणि शिवल्या पाणी गाळून जगतात, निवट्या आणि चिंबोऱ्या गाळात राहतात. चिंबोरीत कॅडमियम मांसापेक्षा कवचाखालच्या पिवळ्या-तपकिरी गरात जास्त साठते. नांगीचे मांस खा, तो गर काढून टाका. चवीला तोच सरस, हे मान्य.

भाजी तपासताना

मातीचा अहवाल संशय सांगतो, निकाल भाजीच देते. ३०० ग्रॅम ताजा पालक घ्या, त्याचे दोन भाग करा. एक घरी धुता तसाच नीट धुऊन, दुसरा तसाच. दोन्हींतला फरक म्हणजे पानावरची धूळ. फरक मोठा असेल तर उपाय धुण्यात आणि आच्छादनात आहे. फरक नसेल तर धातू आतून आला आहे, आणि व्हिनेगर, मीठ, हळदीचे पाणी यांपैकी कशानेही तो निघणार नाही.

आणखी एक युक्ती: टायटॅनियम मागा. झाड ते घेत नाही म्हटले तरी चालेल, आणि बेसाल्टी मातीत ते टक्क्यात असते. मातीत १४,००० पीपीएम आणि वाळलेल्या पानात ७० निघाले, तर पानाच्या नमुन्यात अर्धा टक्का माती चिकटलेली आहे. त्या मातीत १८० पीपीएम शिसे असेल तर पानात तिच्यामुळे ०.९ आले. अहवालात पानातले शिसे १.१ असेल, तर झाडाचा दोष फक्त ०.२ चा. पान आणि माती दोन्ही एकाच आम्लपद्धतीने विरघळवायला सांगा, नाहीतर हा हिशोब फसतो.

सर्वांत जास्त गोंधळ ओल्या-कोरड्या वजनाचा. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा ताज्या वजनावर आहे: पालेभाजीत शिसे ०.३ आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम प्रति किलो, फळभाजीत दोन्ही ०.०५. प्रयोगशाळा बहुधा वाळलेल्या वजनावर आकडा देते. पालकात सुमारे ९२ टक्के पाणी असते, म्हणून तो आकडा ०.०८ ने गुणा. वरचे १.१ ताज्या वजनावर ०.०९ होते, मर्यादेच्या बरेच आत. ही एक ओळ न वाचल्यामुळे व्हॉट्सअॅपवर ‘मर्यादेच्या चौपट शिसे’ पसरते.

मुलांचा हिशोब मात्र निराळा. लहान मूल खेळताना दिवसाला ५० ते १०० मिलिग्रॅम माती-धूळ नकळत गिळते. ४०० पीपीएमच्या मातीतले १०० मिलिग्रॅम म्हणजे ४० मायक्रोग्रॅम शिसे. मर्यादेवरचा १०० ग्रॅम पालक खाल्ला तर ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे शिशासाठी धोका ताटात कमी आणि घसरगुंडीखालच्या उघड्या मातीत जास्त आहे. मुले पोटातल्या शिशाचा मोठा वाटा शोषून घेतात, अंगात लोह-कॅल्शियम कमी असेल तर आणखी. तिथे आधी हिरवळ, विटा किंवा स्वच्छ मुरूम टाका, भाजीचे नंतर पाहू. चपला दाराबाहेर, फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, हे उपाय फुकटचे आहेत.

मातीत करायच्या गोष्टी

पहिली सामूची. ठाण्याच्या पावसात कुंड्यांतली आणि वाफ्यांतली लाल माती क्षार धुऊन गेल्याने आम्ल होत जाते. सामू साडेपाचवरून साडेसहावर आला की कॅडमियमचे शोषण ठळकपणे घटते. नर्सरीतल्या ‘थ्री इन वन’ दांडीवर जाऊ नका. २० ग्रॅम माती, ५० मिलिलीटर डिस्टिल्ड वॉटर, ढवळून अर्धा तास ठेवा आणि सामू ४ व ७ च्या बफरवर (सामू ठरलेला असलेल्या द्रावणावर) जुळवलेल्या पेनमीटरने मोजा.

सामू ६ च्या खाली असेल तर चौरस मीटरला २०० ग्रॅम चुनखडीची भुकटी वरच्या १५ सेंटिमीटरांत मिसळा, १५ किलो मातीच्या कुंडीला १५ ग्रॅम. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा, मगच आणखी घाला. विरवलेला चुना वापरायचा तर तीन-चतुर्थांश मात्रा, आणि लागवडीआधी किमान तीन आठवडे, नाहीतर मुळे भाजतात. काळ्या मातीचा सामू आधीच साडेसातच्या आसपास असतो, तिथे चुना घातला तर लोहाची कमतरता होऊन नवी पाने पिवळी पडतात आणि फायदा शून्य.

दुसरी गोष्ट मीठ. क्लोराइड कॅडमियमशी जोडी करून त्याला मातीच्या कणांपासून सोडवते आणि मुळाकडे सहज पोहोचवते. खाडीलगतच्या वाफ्यांत, खाऱ्या बोअरच्या पाण्यावर किंवा न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सामू चांगला असूनही कॅडमियम चढते, त्याचे कारण हे. कोकोपीट दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून निथळवा. पालाश द्यायचे तर म्युरेट ऑफ पोटॅश नको, तो क्लोराइडच आहे. सल्फेट ऑफ पोटॅश महाग पडते, पण इथे तेच.

तिसरी जस्त. मातीत जस्त कमी असेल तर कॅडमियमला वाट मोकळी. चौरस मीटरला अडीच ग्रॅम झिंक सल्फेट एकदाच, तेही अहवालात जस्त कमी असेल तरच. रस्त्याकडेच्या मातीत टायरचे जस्त आधीच भरपूर असते.

कंपोस्ट दरवर्षी दोन-तीन सेंटिमीटर घाला, सेंद्रिय पदार्थ धातू धरून ठेवतो. पण कंपोस्टही तपासायचे. कचरा कुजून निम्मा होतो, धातू मात्र तेवढाच राहतो, म्हणजे प्रमाण दुप्पट. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशाची मर्यादा शिसे १००, कॅडमियम ५ पीपीएम आहे. माझ्या बागेत ५ पीपीएम कॅडमियमचे खत वर्षानुवर्षे नको, असे कुणी म्हटले तर ते रास्तच. निर्माल्याचे खत चांगले, फक्त त्यातून शेंदूर, कुंकू, गुलाल लागलेली फुले आधी वेगळी काढा. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइडच.

स्फुरदाने शिसे बांधले जाते, हे खरे. पण त्याला लागणारी मात्रा नेहमीच्या खतापेक्षा फार मोठी, जादा स्फुरद वाहून तलावात शेवाळ वाढवते आणि आर्सेनिक असेल तर ते उलट सुटते. घरच्या बागेत या वाटेला जाऊ नका.

पावसाळ्यात पानांवर चिखल उडतो आणि त्या एका कारणाने शिशाचे सगळे गणित बिघडते. चार-पाच सेंटिमीटर जाडीचे सुक्या पानांचे किंवा भाताच्या पेंढ्याचे आच्छादन, आणि रस्त्याकडे कडीपत्ता किंवा जास्वंदीचे दाट कुंपण. कुंपणाचा कडीपत्ता मग फोडणीला घ्यायचा नाही.

शिसे ४०० च्या वर असेल तर उंच वाफा बांधा: तळाला जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड), वर ३० ते ४५ सेंटिमीटर आणलेली माती. ही माती भरावाच्या ट्रकमधली असेल तर सगळे मुसळ केरात, म्हणून ती उतरवण्याआधी तिचाच नमुना द्या. कडेला जुने रंगवलेले लाकूड किंवा रेल्वेचे स्लीपर लावू नका.

सूर्यफुलाने माती धुऊन निघते का?

नाही, निदान आपल्या आयुष्यात नाही. एक चौरस मीटरच्या वरच्या २० सेंटिमीटरांत साधारण २६० किलो माती असते. कॅडमियम ३ पीपीएम धरले तर ७८० मिलिग्रॅम. ते १ पीपीएमवर आणायचे तर ५२० मिलिग्रॅम काढायला हवे. मोहरी किंवा सूर्यफुलाचा दाट पाला वाळून एक किलो निघाला आणि त्यात ५ पीपीएम कॅडमियम असेल, तर एका पिकाला ५ मिलिग्रॅम. म्हणजे शंभराहून जास्त पिके, आणि शिशासाठी त्याहून कितीतरी अधिक. शिवाय तो पाला कंपोस्टमध्ये टाकला की सगळे परत जागेवर. झाडांचा खरा उपयोग धातू जागेवर रोखण्यासाठी: वाळा दाट लावला तर उतारावरची माती धुपून खाली जात नाही. खाडीकाठी तिवरे तेच करतात, धातू मुळांत अडवतात.

नाल्याचे पाणी

रुळांलगत आणि नाल्याकाठी भाजी पिकते तिथे मातीपेक्षा पाणी आधी तपासा. सिंचनाच्या पाण्यासाठी एफएओची (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची) मर्यादा कॅडमियम ०.०१, क्रोमियम ०.१, निकेल ०.२ आणि तांबे ०.२ मिलिग्रॅम प्रति लीटर. ऑक्टोबर ते मे रोज चौरस मीटरला पाच लीटर धरले तर सुमारे १,२०० लीटर पाणी होते. कॅडमियम नेमके मर्यादेवर असले तरी वर्षाला १२ मिलिग्रॅम मातीत उतरते, म्हणजे ०.०४६ पीपीएम. चार-पाच वर्षांत बेसाल्टचे नैसर्गिक कॅडमियम दुप्पट होते. पाण्याचा एकच नमुना पुरत नाही, कारण नाल्यात कधी काय सोडले जाईल सांगता येत नाही. सकाळी, दुपारी आणि रात्री उशिरा असे वेगवेगळ्या वारी नमुने घ्या, नव्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, आणि प्रयोगशाळेकडून आधीच नायट्रिक आम्लाचे थेंब घालून घ्या, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात.

आकडे खूपच वर निघाले, माती रंगीत किंवा उग्र वासाची असेल, तर ती स्वतः उकरून कचरा कुंडीत किंवा शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर टाकू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची ठाणे आणि नवी मुंबईत प्रादेशिक कार्यालये आहेत, तिथे अहवालाच्या प्रतीसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. धोकादायक कचऱ्याच्या सामायिक सुविधा तळोजा आणि महापे इथे आहेत, माती तिकडे मंडळाच्या कागदपत्रांसहच जाते. तोवर त्या जागेवर जाड प्लॅस्टिक अंथरून कडा विटांनी दाबा आणि पावसाचे पाणी बाजूने वळवा. चुना किंवा आच्छादन केलेल्या वाफ्यात दोन पावसाळ्यांनी भाजी पुन्हा तपासायची, तेच पीक, त्याच महिन्यात, त्याच प्रयोगशाळेत.